दाबलं की झालं? भुशाच्या सरपणाचा इतिहास

कचऱ्याला दाब दिला की इंधन तयार होतं. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? उसाचं पाचट, वखारीतला भुसा, भाताचं तूस, भुईमुगाची टरफलं... यंत्रात टाका, दाबा, कांडी बाहेर! दर हिवाळ्यात दिल्लीच्या धुराच्या बातम्या सुरू झाल्या की टीव्हीवर कुणीतरी हेच सांगत असतं. शेतकरी पेंढा जाळतात कशाला, त्याच्या पेलेट्स करा की! परवा ऑफिसात जेवतानाही हाच विषय निघाला होता, आणि सगळ्यांचं दहा मिनिटांत एकमत झालं. आमच्या टेबलावर एकमत झालं की मला जरा शंका यायला लागते :-) इतकं सोपं असेल तर हे कधीच व्हायला हवं होतं. मग का नाही झालं? गेले दोन-तीन वीकेंड यातच गेले.

जे सापडलं त्याचं सार आधीच सांगून टाकतो. कांडी चांगली होणार की भुगा होणार, हे बहुतांशी यंत्राच्या आधीच ठरलेलं असतं. आणि एवढं साधं सत्य कळायला जवळपास प्रत्येक देशाने आपापले पैसे नव्याने घालवले आहेत.

थोडी ओळख करून घेऊ. मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड ओंडक्यासारखी असते ती ब्रिकेट. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीच्या तुकड्यासारखी असते ती पेलेट. गावाकडे गुरांची गोळी पेंड पाहिली असेल तर पेलेट म्हणजे दिसायला अगदी तेच. आणि हे साम्य योगायोगाने आलेलं नाही, त्याकडे पुढे येतोच.

गोवरीपासून सुरुवात

खरं तर हे तंत्र आपल्या आज्यांना माहीत होतं. गोवरी थापताना शेणात भुसा किंवा तूस मिसळायचं, हाताने दाबून थापायचं आणि मग उन्हात कडकडीत वाळवायचं. यात चिकटवणारा पदार्थ आहे, आकार धरून ठेवणारा तंतू आहे, दाब आहे आणि ओलावा घालवणं आहे. पावसाळ्याआधी गोवऱ्या नीट रचून झाकून ठेवायची घाई असायची, कारण ओली गोवरी धूर देते, जाळ देत नाही. दर्जाचे जवळजवळ सगळे घटक यात आले. फरक इतकाच की दाब हाताचा होता, आणि वाळवायला ऊन फुकट होतं.

यंत्राचा दाब आला तो कोळशाच्या धंद्यातून. खाणीत कोळसा फोडताना खूप चुरा पडतो आणि चुरा शेगडीत नीट जळत नाही. १८४८ साली अमेरिकेत विल्यम ईस्बी याने बारीक कोळशाचे दाबून गोळे करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे युरोपात असे गोळे करताना डांबरासारखा चिकट पदार्थ घालायची पद्धत रूढ झाली, कारण नुसत्या दाबाने दगडी कोळशाचा चुरा सहजी एकजीव होत नाही.

१९२० च्या दशकात हेन्री फोर्डने मिशिगनमध्ये मोटारींच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांचा लोणारी कोळसा करून त्याच्या ब्रिकेट विकायला सुरुवात केली. त्यातही बांधणीसाठी स्टार्च, म्हणजे खळच वापरावी लागली. आता गंमत बघा. लाकडाचा कोळसा केला की खळ लागते, पण कच्च्या लाकडाच्या भुशाला काहीच लागत नाही. असं का?

डिंक आतच आहे

याचं उत्तर आहे लिग्निन. झाडाच्या पेशींना उभं ठेवणारा, तंतूंना एकमेकांशी जोडणारा हा पदार्थ. उष्णता मिळाली की तो मऊ पडतो, दाबाखाली पसरतो आणि थंड झाला की पुन्हा कडक होतो. म्हणजे भुशाच्या प्रत्येक कणात स्वतःचा डिंक असतोच. कोळसा करताना हा डिंक जळून जातो, म्हणून मग बाहेरून खळ आणावी लागते.

लिग्निन किती तापमानाला मऊ पडेल हे ओलाव्यावर अवलंबून असतं. अगदी कोरड्या मालात ते दीडशे अंशांच्या आसपास जाऊ शकतं, थोडा ओलावा असेल तर शंभर अंशांच्या खालीही काम होतं. म्हणजे पाणी इथे मित्र आहे. पण थोडंच! जास्त झालं की साच्यातल्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि कांडी फोडून बाहेर येते. अगदीच कोरडा माल घेतला तर कण सरकत नाहीत, यंत्रावर ताण येतो आणि कांडी ठिसूळ होते. स्क्रू प्रेससाठी साधारण ८ ते १० टक्के ओलावा चांगला, पिस्टनच्या यंत्राला त्याहून थोडा जास्त चालतो. ताज्या कापलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, हे लक्षात घेतलं की ही खिडकी किती अरुंद आहे ते कळतं.

ही खिडकी ज्यांना आयती मिळाली ते आधी यशस्वी झाले. १९३० च्या सुमारास अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या लुइस्टन इथे, लाकूड कंपनीत काम करणाऱ्या रॉबर्ट बोलिंगने भुसा आणि रंध्याच्या सालपटांपासून 'प्रेस-टू-लॉग' नावाचे ओंडके बनवणारं यंत्र तयार केलं. त्याच काळात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये पिस्टनने ठोकून ब्रिकेट करणारी यंत्रं घडत होती. १९४० च्या दशकात जपानने तिसरा मार्ग काढला, तो म्हणजे बाहेरून तापवलेल्या साच्यातून स्क्रूने भुसा रेटायचा. त्यातून मध्यभागी भोक असलेली, बाहेरून काळपट भाजलेली टणक कांडी निघते. भोकामुळे हवा खेळते, म्हणून ती जळतेही छान. तिचं नाव 'ओगालाइट'. १९६९ साली जपानमध्ये असे ६३८ कारखाने होते!

या सगळ्यांमध्ये समान काय होतं? माल. एकाच गिरणीतला, एकाच प्रकारच्या लाकडाचा, मातीचा कण नसलेला, बारीक भुसा. यंत्राचं कौतुक झालं, मालाचं कुणी केलं नाही.

मोराचा धडा

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि सगळ्यांना अचानक लाकूड आठवलं. पशुखाद्याच्या कारखान्यांत गोळी पेंड करणारी यंत्रं होतीच. भोकं असलेली जाड पोलादी कडी, आत फिरणारे रोलर, माल भोकांतून दाबला जातो आणि पात्याने तुकडे पडतात. याच यंत्रात भुसा घालून इंधन का करू नये? अमेरिकेत रुडॉल्फ गनरमनला १९७७ साली अशा पेलेट्सचं पेटंट मिळालं.

पशुखाद्यवाल्यांकडे नुसतं यंत्र नव्हतं, अनुभवही होता. त्यांच्यात एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. गोळी किती टिकाऊ होणार यात कच्च्या मालाच्या मिश्रणाचा वाटा ४० टक्के, दळण किती बारीक याचा २०, वाफ देऊन माल तयार करण्याचा २०, साच्याचा १५ आणि थंड करण्याचा ५. हा ठोकताळा आहे, काही भौतिकशास्त्राचा नियम नाही. पण बेरीज करून पाहा. साच्यापर्यंत पोचायच्या आधीच ८० टक्के निकाल लागलेला असतो! आमच्या धंद्यात 'गार्बेज इन, गार्बेज आउट' म्हणतात. इथे तर अक्षरशः गार्बेजच आत जातं, पण ते नीट निवडलेलं लागतं.

स्वीडनमध्ये मोरा नावाच्या गावी १९८२ साली पेलेट कारखाना सुरू झाला. कच्चा माल झाडाची साल. साल स्वस्त, पण तिच्यात राख जास्त आणि जंगलात ओढत आणताना माती चिकटलेली. दर्जा स्थिर राहिना, खर्च आवाक्यात राहिना. १९८६ साली कारखाना बंद पडला. यंत्र ठीक होतं, देश श्रीमंत होता, जंगल अफाट होतं. तरीही.

पुढे पेलेट घरात आली तेव्हा प्रकरण आणखी नाजूक झालं. कारखान्याचा बॉयलर एकवेळ वेडंवाकडं जळण खपवून घेतो, पण घरातल्या आपोआप चालणाऱ्या शेगडीत बारीक स्क्रूने पेलेट्स सरकतात. भुगा झाला की स्क्रू अडकतो, राख वितळून खडा झाला की शेगडी विझते. बाहेर उणे दहा तापमान असताना मध्यरात्री शेगडी विझली तर माणूस पर्यावरण वगैरे विसरतो आणि पुन्हा तेलाकडे जातो. म्हणून युरोपने मानकं केली. जर्मनीचं १९९६ मध्ये, स्वीडनचं १९९८ मध्ये, ऑस्ट्रियाचंही त्याच सुमारास, आणि शेवटी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय आयएसओ १७२२५. त्यातल्या सर्वोच्च वर्गाच्या लाकडी पेलेटसाठी ओलावा जास्तीत जास्त १० टक्के, राख ०.७ टक्के, आणि घनमीटरला किमान ६०० किलो वजन.

टिकाऊपणाची परीक्षा तर मला फारच आवडली. अर्धा किलो पेलेट्स एका पेटीत घालायच्या, पेटी मिनिटाला ५० या वेगाने ५०० वेळा फिरवायची, आणि मग ३.१५ मिलिमीटरच्या चाळणीने चाळायचं. ९७.५ टक्के माल चाळणीवर शिल्लक राहिला तर पास. म्हणजे ट्रक, जहाज, फावडं आणि गोदाम यांचा सगळा छळ दहा मिनिटांत. याला म्हणतात टेस्टिंग!

आपल्याकडे काय झालं

भारतात ब्रिकेटची यंत्रं प्रामुख्याने १९८० च्या दशकात आली. पिस्टनची युरोपीय धाटणीची, तर स्क्रूची जपानी-तैवानी धाटणीची. यंत्रांची नक्कल झाली, पण ज्या मालासाठी ती बनली होती तो माल इथे कुठे होता? आपल्याकडे होतं भाताचं तूस, पऱ्हाट्या, तुराट्या, बगॅस, टरफलं. चांगल्या लाकडात राख एक टक्क्याच्याही आत. भाताच्या तुसात ती २० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचीच बहीण. पॉलिश पेपर दाबावा तसा तो माल स्क्रूला घासतो. जपानी भुशावर दीर्घकाळ चालणारा स्क्रू इथे बघता बघता झिजायचा, की लगेच यंत्र बंद, वेल्डिंग, पुन्हा सुरू.

आय. आय. टी. दिल्लीच्या पी. डी. ग्रोव्हर आणि एस. के. मिश्रा यांनी नेदरलँड्सच्या मदतीने यावर बरंच काम केलं. १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने प्रसिद्ध केलेला त्यांचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. त्यात विकसनशील देशांतल्या अपयशांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. त्यांचा एक उपाय होता माल यंत्रात घालण्याआधीच गरम करायचा. लिग्निन आधीच मऊ झालं की घर्षण कमी, वीज कमी, झीज कमी. दुसरी गोष्ट कणांच्या आकाराची. सगळंच पीठ नको आणि सगळेच जाड तुकडे नकोत. सहा ते आठ मिलिमीटरचा माल आणि त्यात १० ते २० टक्के बारीक पावडर. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये खडीच्या फटी वाळू भरते ना, तसंच.

गुजरातेत मात्र धंदा रुजला. तिथे भुईमुगाची टरफलं मुबलक, आणि पिस्टनचं ठोकणारं यंत्र झिजेच्या बाबतीत सोशिक. 'व्हाइट कोल' या नावाने आज ब्रिकेट अनेक कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाते. मला तर यात मार्केटिंगचा कमालीचा चांगला नमुना दिसतो. कोळसा नाही आणि पांढरीही नाही :-)

गेल्या वर्षी एका मित्रासोबत असाच एक छोटा कारखाना पाहिला. ठोक्यागणिक जमीन हादरत होती आणि लांबच लांब पट्टीवरून ब्रिकेटचा अखंड दांडा सरकत होता. ती पट्टी थंड होण्यासाठीच असते, कारण गरम कांडी लगेच मोडली किंवा पोत्यात भरली तर आतली वाफ तिला तडे पाडते. तिथल्या सुपरवायझरना मी आमच्या सवयीने विचारलं, "काका, मशीन कुठल्या कंपनीचं चांगलं?"

"मशीन सगळी सारखीच हो साहेब. माल वाळलेला पाहिजे."

त्यांनी ढिगातला मूठभर भुसा घेतला, घट्ट आवळला आणि मूठ उघडली. "हे बघा, लाडू वळला. म्हणजे ओला. हा आज नाही चालायचा. मूठ उघडली की सुटला पाहिजे."

"मग पावसाळ्यात काय करता?"

"उन्हाळ्यात भरून ठेवतो. शेड जेवढी मोठी, तेवढा पावसाळा लहान."

तीस वर्षांचं संशोधन एका वाक्यात आलं. प्रकल्पाचा हिशोब मांडताना यंत्राची किंमत ठळक अक्षरात असते आणि शेडची किंमत 'इतर खर्च' या रकान्यात असते. पण खरं यंत्र शेडच आहे!

महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने गेलेला एक प्रयोगही इथे नोंदवायला हवा. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली, उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तयार केली. पाचट हलकं, पसरट, वाहून नेणं महाग, म्हणून शेतकरी ते शेतातच पेटवतात. त्यांनी शेताजवळच पाचटाचा कोळसा केला आणि मग त्या भुकटीत खळीसारखा बांधणारा पदार्थ मिसळून साध्या यंत्रातून कांड्या काढल्या. आधी पाहिलं तसं, कोळसा केल्यावर आतला डिंक गेलेला असतो, म्हणून खळ हवीच. पण मग प्रचंड दाबाची, मोठ्या मोटरची गरजही उरत नाही. या कामाला २००२ साली ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मला यातलं शहाणपण असं वाटतं की त्यांनी आधी माल पाहिला आणि मग यंत्र ठरवलं.

कांडी घडल्यानंतरही

टणक कांडी तयार झाली म्हणजे संपलं असंही नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये कॅनडाहून पेलेट्स घेऊन आलेलं 'सागा स्प्रे' हे जहाज स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग बंदरात उतरवलं जात होतं. मालाच्या कोठाराशेजारच्या जिन्यात कार्बन मोनॉक्साइड साठला होता. एका खलाशाचा जीव गेला, एक गोदी कामगार गंभीर जखमी झाला. लाकडातले मेदाम्ल हवेशी संयोग पावत राहतात आणि बंद जागेत हा वायू हळूहळू जमतो. पेलेट्स वरकरणी उत्तम असल्या तरी हे घडतं. त्यामुळे साठवणूक, वायुवीजन, तापमानावर नजर, हेही दर्जाच्याच यादीत आलं.

आता आपल्या आजच्या प्रश्नाकडे. २०१७ साली एन. टी. पी. सी. ने दादरीच्या वीज केंद्रात कोळशाबरोबर शेतकचऱ्याच्या पेलेट्स जाळून दाखवल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांना पाच टक्के पेलेट्स वापरणं बंधनकारक करणारं धोरण आणलं, आणि २०२३ मध्ये त्याच्या तारखा पुढे सरकवल्या. तारखा सरकल्या यात मला नवल वाटत नाही. भाताच्या पेंढ्यात सिलिका आहे, पोटॅशियम आहे, क्लोरीन आहे. या क्षारांमुळे राख कमी तापमानाला वितळते, बॉयलरच्या नळ्यांना चिकटते आणि नळ्या गंजवते. शिवाय पेंढा वर्षातून काही आठवडेच मिळतो आणि केंद्राला तो बाराही महिने हवा. मधल्या काळात तो कोरडा ठेवायचा कुणी?

इथे खरा अडकलेला माणूस आहे तो शेतकरी किंवा गावातला लहान उद्योजक. त्याने कर्ज काढून यंत्र घेतलेलं असतं. त्याला माल टनावर मिळतो आणि टनावर विकायचा असतो. टनावर भाव दिला की पाण्याला आणि मातीलाही भाव मिळतो. मग पेंढा वाळवणाऱ्याचा तोटा आणि ओला आणून देणाऱ्याचा फायदा! आणि ते पाणी बॉयलरमध्ये पुन्हा पैसे मागतंच, कारण लिटरभर पाण्याची वाफ करायला साधारण ५४० किलोकॅलरी नुसत्या उडून जातात. उसाला उताऱ्यावर आणि दुधाला फॅटवर भाव ठरवायला आपण शिकलोच की. तसाच पेंढ्याला आणि भुशाला कोरडेपणावर आणि राखेवर भाव मिळाला, तर वाळवण्याची, झाकण्याची, माती झटकण्याची मेहनत कुणीतरी करेल. अनुदान यंत्राला देतो तसं शेडलाही द्यावं लागेल.

असो. पुढच्या वेळी कुणी "पेंढ्याच्या पेलेट्स करा की" म्हणालं, तर त्याला यंत्राचं नाव विचारू नका. पेंढा कुठे ठेवणार आणि वाळवणार कोण, एवढंच विचारा. उत्तर तयार असेल तर माणूस गंभीर आहे असं समजा.

तूर्तास इतकंच.